विकत घेतलेली वाहवा आणि कायदा

दुकानाला पाच तारे मिळवून देतो, शंभर अभिप्रायांचे अमुक इतके पैसे द्या, असे सांगणारे दलाल आता मोबाइलवरून थेट तालुक्याच्या गावी पोहोचले आहेत. वडूजमधल्या गादीवाल्याला, बेकरीवाल्याला किंवा फर्निचरच्या कारागिराला हा सौदा स्वस्त वाटू शकतो. पुण्या-मुंबईहून गावी आलेले गिऱ्हाईक दुकानात शिरण्याआधी तारे मोजते, हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून हा व्यवहार कायद्यात कुठे बसतो, ते आम्ही येथे सांगत आहोत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याच आठवड्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून मालाविषयी अभिप्राय लिहू नयेत, असे त्यांत स्पष्ट आहे. ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर माल विकणाऱ्याने मेहुण्याच्या मोबाइलवरून आपलीच तारीफ लिहिली, तर तो नियमभंग होय. गूगलच्या नकाशावरील दुकानाला हा नियम जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, पण तेवढ्याने सुटका होत नाही. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. शिवाय गूगल आपल्या नियमांनुसार असे अभिप्राय काढून टाकते. मग पैसेही गेले आणि तारेही!

सोन्याच्या हॉलमार्कमुळे आपल्या भागातील सराफ आणि गलाई कारागिरांना भारतीय मानक ब्युरो परिचित आहे. याच ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. लिहिणाऱ्याची ओळख ईमेल, फोन किंवा संदेशाने पडताळावी, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, वाईट अभिप्राय दडपून फक्त चांगले दाखवू नयेत, असे त्याचे स्वरूप. मात्र ते ऐच्छिक म्हणूनच आणले गेले. ज्याला पाळायचे तो पाळणार, ही त्यातली मोठी उणीव आहे असे आमचे मत आहे. २०२४ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ते सक्तीचे करण्याविषयी कंपन्यांशी चर्चाही केली. अमेरिकेने मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदी आणली.

आपल्या बांधवांसाठी हा प्रश्न दंडापुरता नाही. घेण्याचा इरादा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला शरीयतमध्ये ‘नजश’ म्हणतात आणि पैगंबर (स.) यांनी ते मना केले आहे. माल न घेता, न वापरता लिहिलेली तारीफ त्याच जातीची. मोबाइल नवा असला तरी लबाडी जुनीच आहे.

खऱ्या गिऱ्हाइकाला ‘दोन शब्द लिहा’ म्हणण्यात काही गैर नाही. चांगलेच लिहा, बिलात सूट देतो, असे म्हटले की गैर सुरू होते.

प्रतिस्पर्ध्याने खोटी बदनामी केली तर भांडायला जाऊ नये. मजकुराचे छायाचित्र तारखेसह जपावे, त्याच ठिकाणी तक्रार नोंदवावी आणि खाली सभ्य भाषेत उत्तर लिहावे. प्रकरण गंभीर असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची दाद मागता येते. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. आपण स्वतः खोट्या ताऱ्यांना भुलून माल घेतला असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पावती मात्र जवळ हवी.