सहवाचनाचा संकल्प : उद्दिष्ट सांगावे, मतही मांडावे

नव्या वर्षाच्या आरंभी अनेक वाचक मनाशी संकल्प करतात. यंदा 25 पुस्तके वाचायची, कपाटात पडून असलेले चरित्र पूर्ण करायचे, निदान एक कवितासंग्रह तरी शेवटपर्यंत वाचायचा. फेब्रुवारी उजाडेपर्यंत यांतील बहुतेक संकल्प विस्मरणात जातात. त्यावरून वाचनाची आवडच आटली असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पुष्कळदा उणीव असते ती सोबतीची. आपण काय वाचणार आहोत हे कोणाला तरी सांगणे आणि वाचून झाल्यावर काय वाटले याची देवाणघेवाण करणे, या दोन गोष्टींनी एकाकी वाचनाला आधार मिळतो.

पारायण आणि निरूपण

मराठी समाजाला ही कल्पना नवी नाही. ज्ञानेश्वरीचे साप्ताहिक पारायण हे सामूहिक वाचन-उद्दिष्टाचे जुने आणि आजही गावोगावी दिसणारे उदाहरण आहे. 18 अध्याय आणि सुमारे 9 हजार ओव्या सात दिवसांत पूर्ण करायच्या, म्हणजे दररोज साधारण 1,300 ओव्यांचे वाचन होणे आवश्यक असते. एकट्याने हा नेम पाळणे कठीण. परंतु शेजारी बसलेल्यांचा स्वर कानी पडत असला की थकलेला वाचकही पुढची ओवी उचलतो. त्याच सप्ताहात कीर्तन-प्रवचनेही होतात व वाचलेल्याचा अर्थ उलगडून सांगितला जातो. नेमाने वाचणे आणि वाचलेल्यावर बोलणे, ही दोन्ही अंगे तेथे एकत्र नांदतात.

अर्थात, पारायणात ग्रंथ श्रद्धेचा विषय असतो. आवड-निवड सांगण्याचा तेथे प्रश्न येत नाही. ललित आणि वैचारिक साहित्याच्या वाचनात मात्र मतभेदाला मानाचे स्थान हवे.

वाचनालयापासून ग्रंथपेटीपर्यंत

हे स्थान सार्वजनिक वाचनालयांनी उपलब्ध करून दिले. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चे. पुस्तक विकत घेणे सर्वांना परवडत नसे. म्हणून वर्गणी काढून ते सामाईक केले गेले. एकच प्रत अनेकांच्या हातांतून गेल्याने तिच्याविषयी बोलणारे गावात आपोआप तयार झाले. पुढे 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अशा संस्थांच्या अनुदानाला कायद्याचा आधार दिला. आज राज्यात सुमारे 11 हजार अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत.

1974 मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतले, हेही लक्षणीय आहे. सभासद-वाचकांच्या बळावर सवलतीच्या किमतीत पुस्तके देणे, ग्रंथयात्रा काढून ती गावांपर्यंत नेणे, असे उपक्रम या संस्थेने हाती घेतले. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये ‘ग्रंथाली’नेच प्रकाशित केले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते. वाचून झाल्यावर पेट्यांची आपापसांत अदलाबदल होते. या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या आहेत.

केरळचा अनुभवही याच दिशेने जातो. पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने 1945 मध्ये 47 ग्रंथालयांना एकत्र आणून तेथील ग्रंथशाळा संघाचा पाया घातला गेला. पणिक्कर यांचा स्मृतिदिन, 19 जून, तेथे वाचनदिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. असे दिवस वाचनाची आठवण करून देतात. उरलेल्या दिवसांसाठी मात्र जवळचे चार वाचकच उपयोगी पडतात.

उद्दिष्ट कसे असावे?

पुस्तकांची संख्या हे मोजण्यास सोपे, पण फसवे उद्दिष्ट आहे. संख्येच्या मागे लागलेला वाचक नकळत लहान पुस्तके निवडू लागतो आणि जाड कादंबरी पुढच्या वर्षावर ढकलतो. त्यापेक्षा वेळेचे वा पानांचे उद्दिष्ट अधिक प्रामाणिक ठरते. रोज 20 पाने वाचली, तर 300 पानांचे पुस्तक 15 दिवसांत पूर्ण होते. हा नेम वर्षभर टिकला, तर अशी 24 पुस्तके वाचून होतात. रोज 10 पाने झाली तरी 12 पुस्तकांची बेरीज कमी नव्हे.

सहवाचकांसमोर उद्दिष्ट सांगताना ते एका वाक्यात सांगता यावे : कोणते पुस्तक, किती दिवसांत आणि ते का वाचावेसे वाटते. यातील ‘का’ सर्वांत महत्त्वाचा. ‘आजोबा फाळणीच्या काळात दिल्लीत होते, म्हणून त्या काळाविषयी वाचायचे आहे’, असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याला त्याच विषयावरील दुसरे पुस्तक सुचवता येते. ज्याचे उद्दिष्ट अपुरे राहिले, त्याला खजील न करण्याचे पथ्य गटाने अवश्य पाळावे. अर्धवट राहिलेले पुस्तक हाही चर्चेचा विषय होऊ शकतो.

मत कसे मांडावे?

‘छान आहे’ किंवा ‘कंटाळवाणे आहे’ एवढ्याने ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 मध्ये प्रकाशित झाली. तिच्यावर जीव लावणारे वाचक आहेत, तसे ती मध्येच मिटून ठेवणारेही आहेत. अशा वेळी आपण कोठे थांबलो आणि कशामुळे, हे सांगितले तर मताला वजन येते. निवेदनातील तिरकसपणा एकाला जवळचा वाटेल, दुसऱ्याला दूर लोटणारा. दोघांचे ऐकल्यावर तिसऱ्याला कादंबरी स्वतः वाचण्याचे कारण मिळते. मतभेद मिटवणे हे चर्चेचे काम नव्हे. कथानकाचा शेवट मात्र कोणी उघड करू नये.

सहा ते आठ वाचक, महिन्यातून एकदा ठरलेला दिवस आणि एक साधी वही, एवढ्यावर असा गट चालू शकतो. वहीत पुस्तकाचे नाव, वाचणाऱ्याचे नाव आणि मत दोन-तीन ओळींत नोंदवावे. दरमहा एकाच पुस्तकाची सक्ती करण्याऐवजी एक समान आणि एक आपल्या आवडीचे, अशी विभागणी सोयीची ठरते.

परप्रांतातील मराठी घरे

महाराष्ट्राबाहेर या गोष्टीचे मोल अधिक आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली वा बंगळुरू येथील अनेक मराठी घरांत मागील पिढीने जमवलेली पुस्तके आहेत. नातवंडे मराठी बोलतात, परंतु सलग मराठी मजकूर वाचताना अडखळतात. पुस्तक कोणाला द्यावे हे ठाऊक नसले की ते कपाट घर बदलताना रद्दीत जाते. आजी-आजोबांनी त्यातील एक पुस्तक रोज 15 मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे आणि नातवंडांनी आवडले की नाही, ते निर्भीडपणे सांगावे. हेही सहवाचनच होय. पुढे एखादे पान मुलांनी वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे.

भाषा टिकवण्याच्या घोषणा पुष्कळ होतात. तथापि, एका पुस्तकाविषयी दोन माणसे जोवर मराठीतून वाद घालत आहेत, तोवर त्या घरात मराठी केवळ स्वयंपाकघरापुरती उरलेली नसते. कपाटातील कोणते पुस्तक आधी काढायचे, हे आज घरातल्यांना विचारले, तरी आरंभ झाला असे समजावे.