आधी मऊ पॅड, मग बाकी सगळं

उन्हात गाडीच्या रंगावर दिसणारे गोल गोल बारीक ओरखडे पॉलिशने बुजत नाहीत. आजूबाजूचा क्लिअर कोट त्यांच्या तळापर्यंत घासला जातो. हा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ, आणि रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारा. घासलेला परत येत नाही. म्हणून बॉनेटच्या फूटभर जागेवर आधी मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशच वापरून पाहावं. ओरखडे उरले, तरच एकेक पायरी चढावी. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडने काम झटपट उरकतं, हे खरं. पण लोकरीचे तंतू स्वतःच धूसर रेघा सोडतात, आणि त्या काढायला पुन्हा फोम फिरवावा लागतोच. नखाला अडकणारा खोल ओरखडा मात्र तसाच राहू द्यावा; त्याच्या तळापर्यंत पोचताना संरक्षक थरच संपू शकतो.