पोटात साठलेलं रक्त कसं शोधायचं?

हातापायातून रक्त वाहत असेल तर वर पट्टा करकचून आवळता येतो. धडाच्या आत ते साठत असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. 2001 ते 2011 या काळात लढाईत जखमी होऊन दगावलेल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. 87 टक्के जण रुग्णालय गाठण्याआधीच गेले होते. त्यांतल्या ज्यांना वाचवणं शक्य होतं, अशा दहातल्या नऊ जणांचा घात रक्तस्रावानं केला होता आणि तो बहुतांशी धडातला होता.

सोनोग्राफीचं यंत्र मेडिकच्या, म्हणजे रणांगणावर प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाच्या, पिशवीत जायला हवं, ते यासाठी. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा'ने पैसा पुरवला आणि 1999 साली जेमतेम अडीच किलोचं 'सोनोसाइट 180' आलं. आता तर अंगावर टेकवायचा प्रोब फोनलाच जोडतात.

यंत्र आटोपशीर झालं, तरी ते चालवणारा हात तयार करावाच लागतो. मेडिकला रेडिओलॉजिस्ट बनवायचं नसतं. नको तिथे रक्त किंवा हवा आहे का, एवढंच त्यानं सांगायचं. उजव्या कुशीवर जेल लावून प्रोब टेकवला की आधी बरगडीची सावली आडवी येते. मनगट किंचित वळवलं की यकृत आणि मूत्रपिंड शेजारी-शेजारी दिसतात. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटातली ही खोलगट जागा, म्हणून रक्त इथे उतरतं. द्रवातून ध्वनिलहरी परतत नाहीत, त्यामुळे दोन्ही अवयवांमध्ये काळी पट्टी उमटते. छातीवर दोन बरगड्यांमधली पांढरी रेघ श्वासागणिक सरकते, मुंग्यांची रांग चालावी तशी. ती थबकली तर फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका घ्यायची. हेलिकॉप्टरच्या घरघराटात स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो; ही रेघ मात्र तिथेही दिसते.

खरी अडचण सरावाची. सोबत्याच्या धडधाकट पोटात काळी पट्टी कुठून येणार? त्यासाठी सिम्युलेटर असतात. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांच्या पोटात द्रव भरलेलाच असतो. असे स्वयंसेवकही काही प्रशिक्षणांत मदतीला आले आहेत.

पडदा स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, हेही शिकवावं लागतं. थोडं रक्त किंवा पोटाच्या मागच्या बाजूचा स्राव सहज निसटतो. शिवाय पट्टा बांधायचं सोडून प्रोब फिरवत बसणं म्हणजे जखमीचा जीव धोक्यात घालणं. हेलिकॉप्टरमध्ये जागा एक आणि पोटाला मार लागलेले दोघे असतील, तेव्हा काळी पट्टी दिसलेल्याला आधी पाठवता येतं. मागे राहिलेल्याचं पोट थोड्या वेळानं पुन्हा तपासायचं.