लांब छपराची गाडी इथे का रुजली नाही?

नव्वदच्या दशकात युरोपातल्या सुखवस्तू कुटुंबांत स्टेशन वॅगनला मोठा मान होता. छप्पर सरळ मागपर्यंत नेलेल्या या गाड्यांपैकी 1998 ची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी आपल्या जवळची, कारण 2001 पासून ऑक्टाव्हियाची जुळणी इथेच, औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या एमआयडीसीत होऊ लागली. पुढे कॉम्बीही भारतात विक्रीला आली, पण साध्या ऑक्टाव्हियाची लोकप्रियता तिच्या वाट्याला आली नाही. आपल्या लोकांना डिकीवाली गाडीच शोभिवंत वाटते, असं यावर सर्रास सांगितलं जातं. मला हे कारण वरवरचं वाटतं. डिकी नसलेल्या सुमो आणि क्वालिस याच लोकांनी आनंदाने घेतल्या. खरं कारण आकड्यांत आहे. साधी ऑक्टाव्हिया दिसते डिकीवाली, पण मागे हात घातला की काचेसकट अख्खा दरवाजा वर जातो, आतला फळीसारखा पडदाही दोरीने वर उचलला जातो आणि समोर 528 लिटरची खोल जागा उघडी पडते. कॉम्बीत ही जागा 548 लिटर. म्हणजे फरक अवघा 20 लिटरचा! वॅगनचं बरंचसं काम शेंद्र्याची साधी गाडी आधीच करत होती.

यावर जाणकार म्हणतील की मागची सीट आडवी करून बघा, कॉम्बी 1512 लिटरपर्यंत जाते आणि साधी 1328 वर थांबते. बरोबर आहे, पण सीट आडवी करायची म्हणजे तीन माणसं घरी ठेवायची. आपल्याकडे लग्नाला, जत्रेला, देवदर्शनाला निघताना आधी माणसं मोजतात, मग पिशव्या. दोन्ही गाड्यांच्या चाकांमधलं अंतर 2512 मिलिमीटरच, तेव्हा वॅगन घेऊन बसायला एक वीतही जास्त मिळत नव्हती. टाटांचा अनुभवही हेच सांगतो. पुण्यातून 1992 मध्ये आलेली टाटा इस्टेट ही पाच माणसांची ऐटदार वॅगन मागे पडली, आणि 1994 ची सुमो, मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर घरची, शेजारची माणसं घेऊन, गावोगाव पोचली. कपाट, फ्रिज न्यायचा तर त्यासाठी टेम्पो भाड्याने मिळतो. युरोपात जे ओझं माणूस स्वतःच्या गाडीत घालतो, त्याची सोय इथे बाजाराने वेगळी लावली आहे.

महाग गाडी इथे कोण घेणार, हा आक्षेप तर टिकतच नाही. 2010 मध्ये याच शहराने एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या.

तरीही कॉम्बीवर अन्याय झाला, असं मी म्हणेन. छपरावरच्या कॅरिअरला बोजा बांधून कन्नडचा औट्रम घाट उतरणाऱ्या गाडीचं वजन वर सरकतं आणि प्रत्येक वळणावर ती कलते. कॉम्बीत तेच सामान आत, जमिनीलगत राहतं, आणि गाडी सेडानसारखी रस्ता धरून चालते. शोरूममध्ये उभ्या गाडीत हा गुण दिसत नाही. तिथे गिऱ्हाईक सीटा मोजतं, आणि त्या मोजणीत कॉम्बी साध्या गाडीच्या पुढे जाऊच शकत नव्हती.