पाटी लावली की जुनं घर वाचतं का? नॉर्वेतलं रोरोस काय सांगतं?

जुन्या घरावरची पाटी त्याचा इतिहास सांगते. पण घर पाडण्यापासून वाचवतो तो कायदाच. नॉर्वेतल्या रोरोस या छोट्या शहरात हा फरक नीट समजतो.

रोरोसमध्ये काय आहे?
इथे १६४४ मध्ये तांब्याच्या खाणी सुरू झाल्या. १६७९ मध्ये स्वीडिश सैन्याने जाळलेलं गाव लोकांनी पुन्हा उभारलं. ३३३ वर्षांनी, १९७७ मध्ये, खाणकाम थांबलं. युनेस्कोच्या नोंदीनुसार इथे सुमारे २,००० लाकडी घरं आहेत. १९८० मध्ये रोरोसला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

कायदा काय म्हणतो?
१९७८ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार १५३७ पूर्वीच्या वास्तूंना आपोआप संरक्षण मिळतं. १५३७ ते १६४९ या काळातल्या इमारतींनाही ते मिळतं, मात्र आधी सरकारी यंत्रणेने त्यांचं वय अधिकृतपणे मान्य करावं लागतं.

मग रोरोसच्या घरांचं काय?
आगीनंतर बांधलेली घरं या मुदतीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र आदेश किंवा नगरपालिकेचा विकास आराखडा लागतो. आदेशाने संरक्षित घरात नेहमीच्या डागडुजीपलीकडे काही बदलायचं, अगदी खिडकीसुद्धा, तर मालकाला परवानगी घ्यावी लागते. ही घरं संग्रहालयात ठेवलेली नाहीत, लोक त्यांत राहतात. म्हणूनच जपणुकीचा भार रोज त्यांच्यावर पडतो.