शाहीर अमर शेख : बार्शीच्या मातीतला आवाज

(द्वितीय वर्ष, कला)

‘पोवाडा म्हणजे वीररसप्रधान, कथनपर गेय काव्य’ ही व्याख्या आपण सर्वांनी वहीत उतरवून घेतलेली आहे. परीक्षेत ती लिहिली की गुणही मिळतात. व्याख्या चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु पोवाडा हा मुळात वाचण्याचा प्रकार नव्हे, तो ऐकण्याचा आहे, ही गोष्ट त्या व्याख्येतून नीट ध्यानात येत नाही. म्हणूनच मराठी साहित्याचा इतिहास वाचताना शाहिरांची नावे आपण भराभर मागे टाकतो आणि कवींपाशी मात्र थांबतो. शाहीर हा कवी नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात मी शाहीर अमर शेख यांच्या जीवनाचा व गाण्याचा परिचय करून देणार आहे. ते आपल्या शेजारच्या बार्शीचे. धाराशिवहून एस.टी.ने गेले तर तास-दीड तासाच्या अंतरावरचे. तरीही आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे, याची मला शंका आहे.

अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात झाला. त्या वेळी आपले धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. राज्ये दोन असली तरी मुलूख एकच होता. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी कुर्डुवाडीहून निघून बार्शी, येडशी करीत १९११ पासून लातूरपर्यंत जाऊ लागली होती. आपल्याकडचा माल बार्शीच्या पेठेत जाई आणि तिकडची माणसे इकडे येत. बोलीही एकच. पुढे निजामाविरुद्धच्या लढ्यात इकडच्या अनेकांनी बार्शीचाच आसरा घेतला. तेव्हा अमर शेख यांना ‘शेजारचे’ म्हणण्याऐवजी ‘आपले’ म्हटले तरी ते वावगे ठरू नये.

त्यांच्या आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना या माउलीकडून मिळाला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या आवाजाने पुढे मैदाने दुमदुमली त्याची पहिली शाळा घरातच होती. माझ्या आजीला आजही सही करता येत नाही, अंगठा उठवावा लागतो. पण जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या पाठ आहेत की एक संपली की दुसरी आपोआप येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीच्या ओव्यांना ‘साहित्य’ म्हणायचे असते, हे मला कॉलेजात आल्यावर पुस्तकातून कळले! अमर शेख यांना ते कोणी पुस्तकातून सांगावे लागले नाही.

परिस्थितीमुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, मग गिरणीत कामगार झाले. गिरणी कामगारांच्या संपात ते पुढे आले आणि त्याबद्दल त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथे त्यांचा साम्यवादी विचारांशी परिचय झाला. पुढे काही काळ ते कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्याकडे सिनेमाच्या धंद्यातही होते. हळूहळू महबूब हे नाव मागे पडले आणि ‘अमर शेख’ हे नाव रूढ झाले. क्लीनर, गिरणी कामगार, कैदी, स्टुडिओतला नोकर असा हा प्रवास. पुढे कामगारांपुढे उभे राहून गाताना त्यांना कामगाराची भाषा मुद्दाम शिकावी लागली नाही, याचे कारण या प्रवासात आहे.

मुंबईस आल्यावर त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली. १९४३ साली मुंबईत ‘इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन’ म्हणजेच ‘इप्टा’ ही संस्था स्थापन झाली होती. नाटक, गाणे, नृत्य ही जनतेची साधने झाली पाहिजेत, असा तिचा आग्रह होता. याच वातावरणात १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख हे या पथकाचे तीन आधारस्तंभ. एक मातंग समाजातला, वर्णमालेपलीकडे शाळा न पाहिलेला लेखक आणि एक बार्शीचा मुसलमान गिरणी कामगार अशी माणसे गवाणकरांसह एका फडात उभी राहून मराठीत गातात, हीच मुळी त्या काळातली मोठी घटना होती. गिरणगावातल्या चाळींत, शेतकऱ्यांच्या परिषदांत, संपाच्या सभांत हे पथक गात असे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकावर बंदीही घातली. ज्या गाण्याने काहीच होत नाही त्यावर कोणते सरकार बंदी घालील?

आता हे गाणे काम कसे करते, ते पाहू. शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो. मागे तुणतुणे, झांज व झीलकरी असतात. शाहीर पोवाड्याचा एक चौक म्हणतो आणि ध्रुपदावर आला की झीलकरी ते उचलून धरतात. तेवढ्या वेळात शाहिराला दम घेता येतो. मधेच तो गाणे थांबवून साध्या बोलण्यात प्रसंग समजावतो आणि डफावर थाप मारून पुन्हा चालीवर येतो. ध्रुपद दोनदा कानांवर पडले की तिसऱ्यांदा समोरचे लोकही ते म्हणू लागतात. या पद्धतीमुळे शब्दांवरही बंधने येतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला एकदाच ऐकून अर्थ कळला पाहिजे, म्हणून शब्द ओळखीचे हवेत. आवाज लांब फेकता यावा म्हणून ओळीच्या शेवटी दीर्घ स्वर हवा. एकट्या वाचकाला मागे पान उलटून पाहता येते, श्रोत्याला तशी सोय नसते. तेव्हा पोवाड्यातील शब्द साधे असतात ते कवीला कठीण शब्द येत नाहीत म्हणून नव्हे. छापलेल्या पानावर शाहिराचे गाणे आपल्याला अर्धेच दिसते, उरलेले अर्धे त्याच्या गळ्यात आणि लोकांच्या तोंडी असते.

अमर शेख यांच्या पहाडी आवाजाची पूर्ण ओळख महाराष्ट्राला झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. या लढ्यात एकूण १०६ जण हुतात्मे झाले. पुढाऱ्यांची भाषणे होतच होती, पण सभेला लोक जमवणे, जमलेल्यांना धरून ठेवणे आणि घरी जाताना त्यांच्या ओठांवर काहीतरी ठेवणे हे काम शाहिरांनी केले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेख यांनी गावोगाव पोचवली. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाचा गावाकडच्या बायकोसाठीचा विरह आणि मुंबईपासून तुटू पाहणाऱ्या महाराष्ट्राचे दुःख या दोन गोष्टी त्या गाण्यात एकत्र आल्या आहेत. लढ्याला यश येऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. हे राज्य ज्यांनी आणले त्यांच्यात शाहिरांची गणना आपण केलीच पाहिजे. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हाही अमर शेख डफ घेऊन बाहेर पडले आणि संरक्षण निधीसाठी गायले.

ते केवळ गायक होते असा कोणाचा समज होऊ नये. ‘कलश’ (१९५८) व ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. छत्रपती शिवाजी महाराजांवर, होळकरशाहीवर, उधमसिंगावर त्यांनी पोवाडे रचले. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी गरीब, लेकुरवाळ्या कुंभाराची भूमिका केली. तो चित्रपट पाहताना हा माणूस अभिनय करतो आहे असे वाटतच नाही. आचार्य अत्रे यांनी त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हणून गौरविले. मायकोव्हस्की हा रशियन राज्यक्रांतीचा कवी. तोही आपल्या कविता गर्दीपुढे मोठ्या आवाजात म्हणत असे.

अमर शेख यांच्या काव्यावर एक आक्षेप घेतला जातो तो असा की, ते प्रचारकी आहे. या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही गाणी प्रसंगापुरती असतात आणि प्रसंग सरला की त्यांची धार जाते, हे मान्य करावे लागेल. परंतु पोवाडा हा प्रकार जन्मापासूनच हेतू घेऊन आला आहे. अफजलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा पराक्रमाची वार्ता लोकांपर्यंत नेण्यासाठीच होता. १८६९ साली महात्मा फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तोही शूद्रातिशूद्रांना जागे करण्यासाठी. सत्यशोधकी जलसे व आंबेडकरी जलसे याच वाटेने गेले. अभंगातील उपदेशाला आपण प्रचार म्हणत नाही, मग कामगाराच्या भाकरीबद्दल कोणी गायिले की लगेच तो प्रचार कसा ठरतो? हेतू आहे की नाही हे न विचारता, तो हेतू गाण्यात मुरला आहे की वरून चिकटवला आहे, हे विचारावे असे मला वाटते.

आणि हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. जपानमध्ये ओकाबायाशी नोबुयासु नावाचा गीतकार-गायक होऊन गेलेल्या त्याच काळात पुढे आला. धर्मोपदेशकाचा हा मुलगा टोकियोतील सान्या या वस्तीत रोजंदारीच्या मजुरांबरोबर राहिला आणि १९६८ साली त्याने त्यांच्यावर गाणे केले. पुढे तो रॉक वाद्यवृंदासह गाऊ लागला. १९६९ साली टोकियोच्या शिंजुकू स्टेशनच्या भुयारी चौकात तरुण मुले गिटार घेऊन व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गात आणि हजारो लोक जमत. जुलै महिन्यात तेथील पाटीवरचा ‘चौक’ हा शब्द बदलून ‘वाट’ असा करण्यात आला, म्हणजे थांबून गाणे ऐकणाऱ्याला हुसकावता यावे! तिकडे गिटार, इकडे डफ, एवढाच काय तो फरक. २०१६ साली तर अमेरिकेतील गायक बॉब डिलन याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. गाणे हे साहित्य आहे, हे जगाने मान्य केले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. त्यानंतर दीड महिनाही झाला नाही तोच २९ ऑगस्टला अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. ते अवघे ५२ वर्षांचे होते. त्यांची कन्या मलिका अमर शेख या मराठीतील नामवंत कवयित्री. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, हे त्यांच्या कार्याचे योग्य स्मरण होय. आईकडून गाणी शिकलेल्या गिरणी कामगाराच्या नावाने विद्यापीठात अभ्यास व्हावा, याचा आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना विशेष आनंद वाटतो.

परंतु अध्यासन मुंबईला आहे आणि ओव्या, पोवाडे, भारुडे, गोंधळाची गाणी आपल्या गावात आहेत. आपल्या महाविद्यालयात परंडा, भूम, कळंब, तुळजापूर अशा ठिकाणांहून मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या घरी किंवा गल्लीत गाणारे एक तरी म्हातारे माणूस असेलच. मराठी विभागाच्या मार्गदर्शनाखाली आपण ही गाणी चालीसकट जमा करावीत, अशी माझी गुरुजनांना नम्र सूचना आहे. आता मोबाइल प्रत्येकाच्या हाती आहे, तेव्हा चाल टिपून घेणे अवघड नाही. मी माझ्या आजीपासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत तिच्या ४२ ओव्या झाल्या आणि अजून निम्म्याही झाल्या नाहीत, असे ती म्हणते.