भुकेला कोंडा? मांजराला नाही!

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण ज्याने रचली, त्याने मांजर पाळलं नसावं. दहा-बारा वर्षं एकाच चवीचे दाणे खाल्लेल्या बोक्यापुढे व्हेटने सांगितलेलं नवं खाणं ठेवून पाहा. तो एकदा हुंगतो, मागे सरतो आणि पुढच्या पायाने बशीभोवतालची फरशी खरवडू लागतो, घाण बुजवावी तशी. मग घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘राहू दे उपाशी. भूक लागली की झक मारत खाईल.’

हे वाक्य मांजराच्या जिवावर बेतू शकतं. खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी बाहेर काढतं, ती लिव्हरमध्ये येते आणि मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी निस्तरत नाही. ती तिथेच साचते. गुबगुबीत मांजराला हा धोका सगळ्यांत जास्त. त्याला दोन-चार दिवसांचा उपासही पुरतो. हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळी दिसू लागेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं, आणि मग कित्येक आठवडे नळीने अन्न भरवण्याची पाळी येते. म्हाताऱ्या मांजराने अख्खा दिवस तोंडात काही घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता व्हेटला फोन करावा.

एवढी जोखीम, तर मग बदल करायचाच कशाला? आपल्याकडची मांजरं काय खातात ते बघा. शाकाहारी घरात दूधपोळी आणि दहीभात, कोकणात कालवणातला बांगडा नाहीतर सुकट. मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही, कालवणातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि सुकटीत मीठ किती असतं ते सांगायला नको. त्यातून मांजर पडलं पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होतात. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी हे हृदयाचं दुखणं टॉरिनच्या कमतरतेशी जोडून दाखवलं, तेव्हा तर ती मांजरं बाजारचं तयार खाणं खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं.

दाण्यांची अडचण वेगळी. त्यांत पाणी जेमतेम १० टक्के. उंदराच्या अंगात ते ७० टक्क्यांच्या आसपास असतं. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, तहान मुळातच कमी. उतारवयात किडनी थकते तेव्हा ७५-८० टक्के पाणी असलेलं वेट फूड म्हणूनच बरं. मात्र ‘म्हातारं झालं, आता मांस कमी करा’ हा सल्ला सरसकट मानू नये. धडधाकट म्हाताऱ्या मांजराला प्रोटीन उलट जास्त लागतं. किडनीचा आजार असेल तर फॉस्फरस कमी करावा लागतो, आणि तो आजार आहे की नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दातही दाखवून घ्यावेत. हट्ट वाटतो तो कधीकधी ठणका असतो.

आता खाऊ घालायचं कसं? नाकावाटे. मांजराला गोड चव लागतच नाही. त्यासाठीचा जीन निकामी असल्याचं फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. त्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या जेमतेम पाचशेच्या घरात, आपल्या जिभेवर हजारो. त्यामुळे खायचं की नाही हे बहुधा वासच ठरवतो, आणि वय झालं की नाकही मंदावतं. फ्रिजमधलं थंडगार पाऊच त्याला ‘दिसतच’ नाही म्हणा ना. वाटी कोमट पाण्यात ठेवून खाणं अंगाइतकं, म्हणजे ३७-३८ अंशांपर्यंत कोमट करा, वास उठतो.

दिवसभर भरलेली वाटी आधी उचला आणि जेवणाच्या वेळा लावा. मग जुन्या खाण्याशेजारी, वेगळ्या बशीत, चमचाभर नवं. पहिल्याच दिवशी दोन्ही कालवलंत तर बोका जुन्यावरही संशय घेतो. नुसतं हुंगून गेला तरी बशी रोज मांडायची. चाटू लागला की जुने दाणे कुटून ती पूड वरून भुरभुरा. पुढे नव्याचा वाटा हळूहळू वाढवा. पाकिटावर सात-दहा दिवस लिहिलेले असतात. म्हाताऱ्या मांजराला महिना-दीड महिना लागला तरी नवल नाही. दर आठवड्याला वजन करा, कारण केसांखाली हाडं निघाली तरी नजरेला कळत नाही.

दोन पथ्यं मात्र कडक. नव्या खाण्यात औषध लपवू नये, आणि मळमळत असताना किंवा दवाखान्यात ठेवलेलं असताना ते सुरू करू नये. त्या वासाशी दुखणं जोडलं गेलं की मांजर तो पदार्थ पुढेही टाळतं.

इतकं करूनही सतरा वर्षांची एखादी आजीबाई ऐकत नाही. तेव्हा चांगला व्हेटही ताणून धरत नाही. ती खाते तेच खाऊ देतो, त्यात पाणी वाढवायला सांगतो आणि किडनीसाठी फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड त्याच खाण्यात मिसळायला देतो.